बुरुजाच्या पोटातला हत्ती

मंडळी, घरातला बुद्धिबळाचा डबा काढा आणि कोपऱ्यात उभा राहणारा मोहरा हातात घ्या. दिसायला तो सरळसरळ किल्ल्याचा बुरूज आहे. वर तटाला असतात तशा खाचासुद्धा आहेत. पण मराठी घरात त्याला बुरूज कुणी म्हणत नाही. तो हत्ती! लहानपणी आपल्याला कुणीतरी सांगतं, "हा हत्ती, हा सरळ चालतो", आणि आपण काही न विचारता ते मान्य करतो. सोंड नाही, पाय नाहीत, सुळे नाहीत, तरी हत्ती.

हा विषय डोक्यात यायचं कारण वेगळंच आहे. ऑफिसातल्या दोघातिघांना टेबलावर मांडून खेळायच्या युद्धखेळांचं वेड आहे. बॅटलटेक, वॉरहॅमर ४०,००० वगैरे. त्यात महाकाय यंत्रमानव असतात, चार-पाच मजली उंच, अंगभर तोफा. आणि त्यावर यांचा जेवणाच्या सुट्टीत कायम एकच वाद. इतका मोठा मोहरा घेण्यात खरंच फायदा असतो का? की तेवढ्याच गुणांत दहा लहान मोहरे घेतलेले बरे? एक म्हणतो धडकी भरवण्यातच निम्मं काम होतं, दुसरा म्हणतो तो पडला की अख्खा डाव पडतो.

मला वाटतं हा वाद नवा नाहीच. निदान दीडेक हजार वर्षं तो आपल्याच पटावर चालू आहे, कारण आपल्या पटावरचा हत्ती म्हणजे त्या काळचा महाकाय यंत्रमानव. तेव्हा आजच्या वीकेंडला हत्तीचं डिझाईन तपासू. आधी रणांगणातलं, मग पटावरचं.

रणांगणातलं हार्डवेअर

चतुरंग म्हणजे चार अंगांची सेना: हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. महाभारतात अक्षौहिणीचा हिशोब दिलाय तो आपल्यातल्या कुणालाही आवडावा असा आहे. २१,८७० हत्ती, तेवढेच रथ, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ. म्हणजे १:१:३:५ हे प्रमाण घ्यायचं आणि त्याला २१,८७० नं गुणायचं. एवढी सेना खरोखर कुणी उभी केली असेल का हा भाग सोडा, पण प्रमाण बघा. एका हत्तीमागं एक रथ, तीन घोडे आणि पाच माणसं. महाकाय मोहरा एकटा पाठवायचा नाही, त्याच्या पायाशी माणसं हवीत, हे तेव्हाच ठरलं होतं.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाचा विजय मुख्यतः हत्तींवर अवलंबून असतो असं म्हटलंय. हत्तींची वनं कशी राखायची, हत्ती कसे पकडायचे, त्यांना कसं शिकवायचं यावर त्यानं बराच मजकूर खर्च केलाय. आणि हे उगाच नव्हतं. याचा पुरावा आपल्याकडच्या नाही, थेट आजच्या तुर्कस्तानातल्या एका लढाईत मिळतो.

चंद्रगुप्त मौर्य आणि सेल्यूकस यांचा तह झाला तेव्हा सेल्यूकसनं मोठा मुलूख सोडला आणि बदल्यात ५०० हत्ती घेतले असं ग्रीक लेखक सांगतात. वरवर बघता खुळ्याचा सौदा. पण इ.स.पू. ३०१ मध्ये इप्ससच्या लढाईत त्यानं हे हत्ती कसे वापरले ते बघा. समोरच्या अँटिगोनसचा मुलगा डेमेट्रियस घोडदळ घेऊन पाठलाग करत फार पुढं निघून गेला. परत वळला तेव्हा मध्ये हत्तींची भिंत उभी होती. हत्तीची सवय नसलेला घोडा त्याच्या वासानंच बिथरतो. डेमेट्रियसला बापापर्यंत पोचताच आलं नाही. इकडे एकटा पडलेला अँटिगोनस मारला गेला.

या लढाईत हत्तींची खरी कामगिरी मारण्याची नव्हती, वाट अडवण्याची होती. हे लक्षात ठेवा, पटावर परत येईल.

आणि त्यातले बग

आता दुसरी बाजू. पहिला मोठा दोष म्हणजे हत्तीला स्वतःचं डोकं असतं. जखमी झाला, घाबरला की तो आपला-परका बघत नाही. इ.स.पू. २०२ मध्ये झामाच्या लढाईत हॅनिबलनं हत्ती सोडले, तर समोरच्या सिपिओनं आपल्या रांगांमध्ये सरळ गल्ल्या मोकळ्या ठेवल्या होत्या. काही हत्ती त्या गल्ल्यांतून निघून गेले, काही रणशिंगांच्या आवाजानं बिचकून स्वतःच्याच घोडदळात घुसले. त्याच्या पाच वर्षं आधी, इ.स.पू. २०७ मध्ये, हॅनिबलचा भाऊ हॅसड्रुबल लढला तेव्हा त्याच्या माहुतांकडे छिन्नी आणि हातोडा दिलेला होता असं रोमन इतिहासकार लिव्ही लिहितो. हत्ती आवरेनासा झाला की मानेच्या सांध्यावर छिन्नी ठेवायची आणि हाणायची. शुद्ध मराठीत किल स्विच! ज्या यंत्राबरोबर ते मारायचं साधनही द्यावं लागतं, त्या यंत्राच्या डिझाईनबद्दल वेगळं सांगायला नको.

दुसरा दोष याहून वाईट, कारण तो हत्तीचा नाही, माणसाचा आहे. हत्ती उंच, म्हणून सेनापती त्यावर बसणार. वरून त्याला सगळं दिसतं, आणि सगळ्यांना तोही दिसतो. म्हणजे अख्ख्या फौजेचा धीर एका अंबारीला बांधलेला. १५५६ मध्ये पानिपतावर हेमूच्या डोळ्यात बाण लागला, तो हत्तीवर कोसळला आणि जिंकत आलेली फौज फुटली. १६५८ मध्ये सामूगढला दारा शुकोह हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला. अंबारी रिकामी दिसताच सैनिकांना वाटलं दारा गेला. पुढं औरंगजेब बादशहा झाला, आणि त्याची किंमत महाराष्ट्रानंही मोजली.

आणि १४ जानेवारी १७६१. पानिपतच्या कथेतला हा क्षण बखरींपासून आजच्या कादंबऱ्यांपर्यंत सगळ्यांनी सांगितलाय. दुपारनंतर विश्वासराव गोळी लागून पडले. सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरले, घोड्यावर बसले आणि गर्दीत घुसले. माणूस म्हणून ही कृती शूरच. पण लांबून बघणाऱ्या शिपायाला काय दिसलं? अंबारीत भाऊ नाहीत. एवढंच दिसलं. पानिपत हरण्याची कारणं बरीच आहेत, उपाशी फौज, बरोबरचे बुणगे, उत्तरेत न मिळालेले मित्र. एका रिकाम्या अंबारीवर सगळं ढकलणं चूक होईल. पण दाराची गोष्ट शंभर वर्षांपूर्वी घडून गेली होती, तरी फौजेचा प्रमुख पुन्हा हत्तीवरच होता, हे विचार करण्यासारखं आहे.

आपल्या भाषेत याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात. सर्व्हर कोसळला की आपण रात्री जागतो. तिथं घराघरातली माणसं परत आली नाहीत.

भीमेच्या काठी

आमचं मूळ गाव मांडवगण फराटा, शिरूर तालुक्यात भीमेच्या काठावर. नदीपलीकडे दौंड तालुका. सगळा ऊसपट्टा, हत्तीशी संबंध फक्त गणपतीपुरता. :-) पण गावाहून नदीच्या काठानं खाली दौंड ओलांडून गेलं की श्रीगोंदा तालुक्यातलं पेडगाव लागतं. तिथं बहादूरगड आहे. मोगल सुभेदार बहादूरखान कोका याची छावणी इथं होती. नदीचं पाणी वर उचलायच्या तिथल्या एका बांधकामाला लोक हत्तीमोट म्हणतात. रणांगणात भरवसा नसलेलं यंत्र पाणी उपसायला मात्र उत्तम.

"वेड पांघरून पेडगावला जाणे" हा वाक्प्रचार सगळ्यांना माहीत असतो. त्या पेडगावाची १६७४ ची गोष्ट आपल्या विषयासाठी फारच कामाची आहे.

६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला. त्या वेळी तिथं असलेल्या हेन्री ऑक्झिंडेन या इंग्रज वकिलानं दाराशी दोन लहान हत्ती पाहिल्याचं लिहून ठेवलंय, आणि एवढ्या अवघड वाटेनं ते वर आणले कसे याचं त्याला नवल वाटलं. म्हणजे हत्ती शिवाजीराजांकडेही होते, आणि राज्याभिषेकाच्या सोहळ्यात ते हवेच होते. छत्रपतीच्या दारी हत्ती नाही तर काय?

पण बघा, महिन्याभरातच, जुलैमध्ये, राजांच्या फौजेनं पेडगावची छावणी मारली. जदुनाथ सरकारांनी दिलेल्या हकिगतीप्रमाणे दोन हजार स्वार आधी पुढं गेले. त्यांनी बहादूरखानाला बाहेर काढला आणि लढाई न देता मागं मागं पळत त्याला छावणीपासून लांब ओढत नेला. तेवढ्यात सात हजारांची दुसरी टोळी दुसऱ्या बाजूनं रिकाम्या छावणीवर पडली. एक कोटीची लूट आणि दोनशे उत्तम घोडे हाती लागले. राज्याभिषेकाला झालेला खर्च बराचसा भरून निघाला असणार!

दारात हत्ती, मोहिमेवर घोडे. शोभेची जागा कुठली आणि कामाची कुठली हा हिशोब इतका स्वच्छ होता. आणि महाकाय शत्रूवरची तोडही यात आहे. त्याच्याशी भिडायचं नाही. त्याला त्याच्या जागेवरून हलवायचं आणि मग ती जागा घ्यायची. बुद्धिबळ खेळणारा कुणीही सांगेल, समोरच्याचा भारी मोहरा आमिष दाखवून बाजूला ओढणं ही पटावरची अगदी नेहमीची युक्ती आहे.

पटावरची पहिली आवृत्ती: फसलेली

आता पटाकडे वळू. ज्यांनी हा खेळ रचला त्यांच्यापुढं प्रश्न होता की रणांगणातला सगळ्यात मोठा प्राणी ६४ घरांत बसवायचा कसा. यावर वेगवेगळी उत्तरं निघाली.

एक उत्तर अल्-बिरूनीनं सुमारे १०३० मध्ये हिंदुस्थानावरच्या आपल्या ग्रंथात नोंदवलंय. इथला हत्ती एक घर सरळ पुढं किंवा एक घर तिरका, चारही कोपऱ्यांकडे जातो. पाच घरं का? तर चार पाय आणि एक सोंड! वाचून हसू येतं, पण विचार गोड आहे. हत्ती जसा दिसतो तशी त्याची चाल. अडचण एवढीच की असा हत्ती फार हळू आणि फार जवळचं बघणारा. चित्र उतरवलं, ताकद उतरवलीच नाही.

दुसरं उत्तर इराण आणि अरबस्तानात गेलेल्या शतरंजमधलं. तिथं हत्ती तिरकी दोन घरं उडी मारतो, मधल्या घरावरून. ऐकायला भारी वाटतं. आता गणित करा. दोन-दोन घरांच्या तिरक्या उड्या मारत एक हत्ती अख्ख्या डावात फक्त ८ घरांवर पोचू शकतो. ६४ पैकी ८! दोन्ही बाजूंचे मिळून चार हत्ती, त्यांची घरं पूर्ण वेगवेगळी. म्हणजे चौघे मिळून ३२ घरं, उरलेल्या निम्म्या पटावर कुठलाच हत्ती कधीच जात नाही. आणि कुठलाही हत्ती समोरच्या हत्तीला कधीच मारू शकत नाही, कारण ते एका घरावर येणारच नाहीत. जुन्या अरबी लेखकांनी मोहऱ्यांच्या किमती दिरहममध्ये मांडल्या आहेत. कोपऱ्यातल्या रथाला म्हणजे रुखला १ दिरहम, घोड्याला दोन तृतीयांश आणि हत्तीला फक्त पाव. प्याद्यापेक्षा जरा बरा, एवढंच.

रणांगणातला सगळ्यात महागडा प्राणी पटावर पाव दिरहमचा झाला. डिझाईन म्हणून ही आवृत्ती सपशेल फसलेली आहे. पुढं युरोपानं पंधराव्या शतकाच्या अखेरीस या मोहऱ्याला लांबपर्यंत तिरकं जायची मुभा दिली, तेव्हा कुठं त्याला जीव आला. तोच आपला आजचा उंट.

आपली आवृत्ती

गंमत अशी की कोपऱ्यातला रथ मात्र पहिल्यापासून ठीक होता. सरळ जा, आडवं जा, वाट मोकळी असेल तेवढं जा. त्याच्या चालीला हात लावायची गरज कुणालाच पडली नाही. पण रणांगणातून रथ कधीच हद्दपार झाले होते. मग ही चाल कुणाची समजायची?

इथं प्रत्येकानं आपापलं उत्तर शोधलं. बंगालीत तो कोपऱ्यातला मोहरा नौका झाला आणि गज राहिला आपल्या उंटाच्या जागी. स्पॅनिशमध्ये उंटाला अल्फिल म्हणतात, तो अरबीतला अल्-फील, म्हणजे हत्ती. रशियनमध्येही उंटाच्या मोहऱ्याचं नाव स्लोन, म्हणजे हत्तीच. इंग्रजांनी रुखचा रूक केला आणि आकार बुरुजाचा दिला. १८४९ मध्ये लंडनच्या जाक्स कंपनीनं स्टाँटन पद्धतीचे मोहरे बाजारात आणले आणि पुढं जगभर तेच झाले. आपण आज वापरतो तो प्लॅस्टिकचा डबा त्याच घराण्यातला.

आणि मराठीत? आपण कोपऱ्यात हत्ती बसवला. बंगाली मित्राबरोबर खेळताना "माझा हत्ती गेला" म्हणालात तर तो दुसराच मोहरा बघेल. नावांचा असा गोंधळ कोडमध्ये झाला तर आपण लगेच तक्रार नोंदवू. पण माझं मत विचाराल तर या नावांत सगळ्यात बरोबर नाव आपलं आहे. बुरूज पळत नाही. नाव पटावर चालत नाही. (बंगालात पावसाळ्यात चालत असेल.) पण सरळ रेषेत जाणारा, उडी न मारता येणारा, समोर आपलाच माणूस उभा असेल तर मुकाट थांबणारा, आणि एकदा वाट मोकळी झाली की या टोकापासून त्या टोकापर्यंत दरारा असणारा प्राणी कोणता? हत्तीच.

आपल्या मुलखात हा खेळ नुसता करमणुकीचा समजला जात नव्हता हेही सांगायला हवं. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या मानसोल्लासात राजाच्या विनोदांमध्ये चतुरंग आहे. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठ भट्टानं सतराव्या शतकात नीतिमयूख लिहिला. तो राजनीतीचा ग्रंथ, आणि त्यात बुद्धिबळाला जागा आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात त्रिवेंगडाचार्यांनी विलासमणिमंजरी हा बुद्धिबळावरचा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्याचा इंग्रजी अनुवाद १८१४ मध्ये मुंबईत छापला गेला. त्यानंतर चारच वर्षांत पेशवाई बुडाली. पटावरचं ज्ञान आणि रणांगणातलं ज्ञान एकमेकांना भेटतातच असं नाही.

हत्तीचे गुण, एकेक करून

आता मूळ प्रश्न. हा महाकाय मोहरा चांगला का आहे?

पहिला गुण. रिकाम्या पटावर हत्ती कुठंही ठेवा, कोपऱ्यात किंवा मध्ये, तो बरोबर १४ घरांवर मारा करतो. दुसऱ्या कुठल्याही मोहऱ्याचं असं नाही. घोडा कोपऱ्यात २ घरांवर येतो, मध्ये ८. उंट ७ ते १३. वजीर २१ ते २७. हत्तीची ताकद जागेवर नाही, मोकळ्या वाटेवर अवलंबून आहे.

दुसरा गुण म्हणजे किंमत. डाव सुरू होताना हत्तीला एकही चाल नसते. घोडा पहिल्याच खेळीला प्याद्यांवरून उडी मारून बाहेर येतो, हत्ती कोंडलेला. आजच्या हिशोबानं तो ५ प्याद्यांचा आहे, घोडा आणि उंट ३-३ चे. पण हे ५ गुण बँकेत अडकलेल्या ठेवीसारखे. प्यादी पुढं जातील, काही मरतील, एखादी उभी पट्टी मोकळी होईल, तेव्हा ते हातात येतात. ताकद दिली, पण तिच्यासाठी वाट बघायला लावली.

युरोपी नियमांत किल्लेकोट आहे, त्यामुळं राजा आडोशाला जातो आणि हत्ती मध्यावर येतो. आपल्या देशी खेळात किल्लेकोट नव्हता. राजाला एकदाच घोड्याची अडीच घरांची चाल मिळे, प्यादं पहिल्या खेपेलाही एकच घर सरके. त्यामुळं हत्ती आणखीच उशिरा बाहेर पडायचा. आमचे आबा मांडवगणला देवळाच्या ओट्यावर याच नियमांनी खेळायचे. सुट्टीत त्यांच्यासमोर बसलं की माझी घाई असायची हत्ती काढायची. आबा मान न वर करता म्हणायचे, "आरं, हत्तीला आधी वाट करून दे, मग हाक." महाकाय मोहऱ्यांवर याहून नेमकं वाक्य मी कुठल्या जाडजूड नियमपुस्तकात वाचलेलं नाही.

तिसरा गुण सगळ्यात महत्त्वाचा. शेवटी पटावर फक्त राजा आणि हत्ती उरले, समोर एकटा राजा, तरी मात होते. एकट्या उंटानं होत नाही, एकट्या घोड्यानं होत नाही. हत्तीनं होते, आणि कशी होते ते बघा. हत्ती राजाच्या मागं धावत नाही. तो एका रांगेवर उभा राहतो आणि ती रांग बंद करतो. राजाला ती ओलांडता येत नाही. मग पुढची रांग, मग त्याच्या पुढची. खोली लहान लहान होत जाते. इप्ससला डेमेट्रियस आणि त्याच्या बापाच्या मध्ये उभी राहिलेली भिंत, ती हीच.

चौथा गुण म्हणजे काय काढून टाकलं. पटावरचा हत्ती बिथरत नाही. आपल्याच प्याद्यांना तुडवत नाही. आणि राजा त्याच्यावर बसत नाही! राजा मध्ये, हत्ती दूर कोपऱ्यात. हत्ती मेला तर नुकसान ५ प्याद्यांचं, डाव चालूच. हेमू, दारा आणि भाऊंच्या बाबतीत जे दोन मोहरे एकाच घरात होते, ते पटावर पहिल्यापासून वेगळे मांडलेले आहेत.

परत यंत्रमानवाकडे

पटावरून आजच्या युद्धखेळांपर्यंत वाट आहे. १७८० मध्ये ब्रुन्सविकच्या हेलविगनं बुद्धिबळाचाच पट वाढवून युद्धखेळ केला. पुढं प्रशियात क्रीगश्पील आलं, तिथं अधिकाऱ्यांना शिकवायला ते वापरलं गेलं. १९१३ मध्ये एच. जी. वेल्सनं खेळण्यातल्या शिपायांनी खेळायचे नियम लिहिले. १९८४ मध्ये बॅटलटेक आलं, १९८७ मध्ये वॉरहॅमर ४०,०००.

बॅटलटेकमध्ये १०० टनांचा अ‍ॅटलस नावाचा यंत्रमानव आहे. चालला तर ३ घरं, धावला तर ५. २० टनांचा लोकस्ट चालतच ८ घरं जातो. आणि तोफ डागली की यंत्र तापतं. सगळ्या तोफा एकदम डागल्या तर इतकं तापतं की बंद पडू शकतं. म्हणजे हत्तीच्याच अटी, वेगळ्या शब्दांत. ताकद दे, पण वेग काढून घे. मारा दे, पण दर खेळीला विचार करायला लाव. ज्या खेळांत अशी किंमत ठेवलेली नसते, तिथं महाकाय मोहरा एकतर सगळ्यांना तुडवतो किंवा पाव दिरहमचा होऊन पडून राहतो. दोन्हीत मजा नाही.

तेव्हा ऑफिसातल्या वादावर माझं उत्तर असं. महाकाय मोहरा जरूर घ्या, पण तीन गोष्टी बघून. त्याला वाट करून देणारी प्यादी बरोबर आहेत का? तो उभा राहिला की समोरच्याचा कुठला रस्ता बंद होतो? आणि तो पडला तर डाव चालू राहील का? तिसऱ्याचं उत्तर नाही असेल, तर तो कितीही उंच असो, तुम्ही पुन्हा राजाला अंबारीत बसवताय.

देशी नियमांतली एक गोष्ट सांगायची राहिली. त्यात शेवटच्या घरी पोचलेलं प्यादं आपोआप वजीर होत नसे. ज्याच्या घरी पोचेल तो मोहरा व्हायचं. म्हणजे कोपऱ्यातल्या पट्टीवरून एकेक घर सरकत गेलेलं प्यादं शेवटी हत्ती व्हायचं. आबांना हे फार आवडायचं. वजीर मिळाला असता तर जास्त फायदा, हे त्यांना कितीदा सांगितलं, पण ते ऐकायचे नाहीत.

असो. पुढच्या वेळी डबा काढाल तेव्हा एक डाव देशी नियमांनी खेळून बघा. किल्लेकोट नाही, प्यादं एकच घर. आणि हत्ती पहिल्यांदा कितव्या खेळीला हलला ते मोजा.